मुख्य कॅमेरामन कु. माया

सातारा, १२ जून २०२३

हिंदुमामा,

नमस्कार अगोदरच घालून ठेवते. पुढचं वाचल्यावर तुम्ही तो घ्याल याची खात्री नाही.

पलूस स्टँडसमोरचा फ्लेक्स उतरवा. काल तुमच्या स्टुडिओतल्या महेंद्रनं मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली हसून लोळणारी सहा तोंडं. फ्लेक्सवर माझा दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो आहे, दोन वेण्यांचा. शेजारी जे यंत्र छापलंय तो कॅमेरा नाही, प्रोजेक्टर आहे. तीस वर्षं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसानं तो पास कसा केला? वर लिहिलंय, 'मालिकेच्या मुख्य कॅमेरामन कु. माया यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली 'समस्त पलूसकर'. समस्त पलूसकरांतले निम्मे मला ओळखत नाहीत. उरलेल्या निम्म्यांना मी लग्नात तोंडात घास असताना शूट केलंय. ते माझं शुभ कशाला चिंततील?

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी 'बरी आहे' म्हणाले, तुम्हाला 'घरी येतेय' ऐकू आलं आणि मामीनं पुरण शिजवलं. बॅन्ड आणि डॉल्बीच्या शेजारी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, आणि व्हॉट्सॲपवर तुमचं एक बोट तीन अक्षरं दाबतं. म्हणून हे पत्र. मोठेपणा मिरवू नये, एवढंच म्हणणं आहे. बाकी काम उत्तम चाललंय. दिवसभर मी कॅमेऱ्यापासून दोन हातांपेक्षा लांब नसते.

माया


पलूस, १७ जून

माये,

आशीर्वाद हायतच, ते कुठं पळून जात न्हाईत.

फ्लेक्स उतरणार न्हाई. तारेनं आवळून बांधलाय, वादळात स्टँड उडंल पण तू उडणार न्हाईस. प्रोजेक्टरचं म्हणशील, तर पलूसात ते दोघांनाच कळतं, मला आणि तुला. तू सातारला, मी गप. विषय संपला.

तुला मोठेपणा नको, पण मला हवा हाय गं. तुझ्या मामीचा भाऊ दादासो, तो द्राक्षवाला, दर दिवाळीला इचारतो, 'भाची काय करती? शूटिंग? म्हंजे तुमच्यासारखीच लग्नात लाईट धरून फिरती व्हय?' आणि हसतो. त्याचं हसणं मला ऐकू येत न्हाई, पण पोट हललेलं दिसतं. आता रोज डेअरीला जाताना त्याला तुझ्या वेण्यांखालनं जावं लागतंय.

तर आमी येतोय. दोन जुलै, रविवार. जीप ठरवली हाय. मी, मामी, दादासो, त्याची बायको. उंब्रजला चहा, अकराला सातारा. जेवणाचं काय करू नको, मामी डबा घेती. तू फक्त कॅमेऱ्यावर बस आणि आमच्याकडं बघून एकदा हात कर. दादासोला दिसंल असा.

हिंदुराव
(मंगल फोटो व व्हिडिओ, पलूस)


सातारा, २३ जून

मामा,

दोन तारखेला येऊ नका. एक तर रविवारी शूटिंग नसतं. दुसरं, सेटवर नातेवाइकांना सोडत नाहीत. तिसरं, हिरॉईनला कांजिण्या झाल्यात आणि त्या पसरतात.

कधी यायचं ते मी कळवीन. दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते आत्ता सांगता येत नाही.

मामीला म्हणावं, डबा पोचला असं समज.

माया


पलूस, ४ जुलै

माये,

रविवारी शूटिंग व्हतं. नातेवाईक सोडतात, मामीनं वॉचमनला दोन धपाटी दिली की सोडतात. आणि हिरॉईनच्या तोंडावर एक बी फोड नव्हता, मी जवळनं बघितलं.

वॉचमनला म्हणलं, कॅमेरावाल्या माया मॅडम कुठं हायत? तो म्हणला, 'कोण, छत्रीवाली व्हय?'

अंगणात पाऊस भुरभुरत व्हता. कॅमेऱ्यावर एक चष्मेवाला बसलेला. त्याच्या मागं तू, छत्री धरून. छत्रीखाली कॅमेरा, छत्रीखाली चष्मेवाला, आणि तू भाईर भिजत.

दादासोनं माझ्या कानात बोंब मारली, 'ही छत्री का धरती?' म्हणलं, 'गप. तेच मुख्य काम हाय. छत्री किती वाकवायची त्यावर उजेड ठरतो. उजेड ठरला की मग कोण बी येडं बटण दाबतंय.' त्याला पटलं. परत येताना तो जीपच्या ड्रायव्हरला छत्रीचं महत्त्व सांगत व्हता.

त्याचं जाऊ दे. तू आमाला बघितलंस. मी हात केला. आणि तू ती छत्री आडवी धरलीस, आमच्या आणि तुझ्या मधी. कॅमेरा भिजला, चष्मेवाला तुझ्यावर वरडला, तरी छत्री हलवली न्हाईस. ते मला लागलं. छत्री धरल्याचं न्हाई लागलं.

आता माझं ऐक. मी कोल्हापुरात सा म्हैने पिक्चरचा कॅमेरा चालवला, असं मी तुझ्या आईपासनं तलाठ्यापर्यंत सगळ्यांस्नी सांगितलंय. अकरा दिवस व्हतो. कॅमेऱ्याला हात लावायला गेलो की हातावर फटका बसायचा. हिरोच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोल धरायचो. बाराव्या दिवशी वारं सुटलं, थर्माकोल हातनं निसटला, हिरोच्या डोक्यात बसला आणि त्याचा केसांचा टोप नाल्यात गेला. मला सांगितलं, टोप काढून दे आणि तसाच घरला जा. हे मामीला बी ठाऊक न्हाई. वाचून कागद फाडून टाक.

खोटं आपल्या घराण्यातच हाय, त्यात तुझा दोष न्हाई. पण खरं काय ते मला तरी सांग.

हिंदुराव


सातारा, १५ जुलै

मामा,

चुकलं. छत्रीचं. हे मी चार वेळा लांब लिहून बघितलं. लांब केलं की खोटं वाटतं.

खरं असं आहे. दोन वर्षं झाली, कॅमेरा विभागात मी सगळ्यात खालची आहे. पेट्या उचलते, बॅटऱ्या चार्जला लावते, लेन्स पुसते, पावसात छत्री. दोन वर्षांत लेन्समधून एकूण चार मिनिटं बघितलं असेल, तेही पुसताना, उलट्या बाजूनं. आमचे मुख्य कॅमेरामन रविराजसर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, 'तुझा डोळा चांगला आहे. पहिली जागा रिकामी झाली की कॅमेरा तुझ्या हातात.' त्या वाक्यावर मी दोन वर्षं काढली. मे महिन्यात जागा रिकामी झाली. तुम्ही पाहिलात तो चष्मेवाला त्यांचा मेहुणा आहे. त्याचं आधी मिरजेत चष्म्यांचं दुकान होतं. मी विचारायला गेले तर सर म्हणाले, 'अगं, तोही काचेच्याच धंद्यातला आहे.'

आता दुसरं. अंकिता म्हणून उंब्रजची एक मुलगी आहे, वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. पुण्यात सिनेमा शिकलीय आणि आता माण तालुक्यात, दहिवडीकडे, पहिला पिक्चर करतेय. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एका बाईची गोष्ट. आपल्या आज्या-पणज्यांचीच म्हणा. तिला कॅमेरा करणारं माणूस हवंय. मालिकेत मी काय करते ते तिनं विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, 'कुणी न सांगता तू जे शूट केलंयस तेवढंच दाखव. पंधरा ऑगस्टपर्यंत.'

तसं माझं एकच काम आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. बारावीनंतर तीन वर्षं मी तुमचा दुसरा कॅमेरा होते. तेव्हा तुम्ही ज्याला 'हा तुझा कचरा' म्हणून मिक्सिंगमध्ये कापायचात, तो. ट्रम्पेटवाला थुंकी झटकतोय. नवरीचा बाप मांडवात स्वतःची चप्पल शोधतोय. वरमाई आरशासमोर हसण्याची तालीम करतेय. तुम्ही म्हणायचात, 'गिऱ्हाईक हार मागतंय आणि तू चप्पल देतीस.'

तो कचरा पाठवा, मामा.

माया


पलूस, २४ जुलै

माये,

कचरा ऱ्हायला न्हाई. एक तर ती हार्डडिस्क जळली. दुसरं, जळायच्या आधी मी ती पुसली व्हती. तिसरं, पुसायच्या आधी महेंद्रनं ती मोटरसायकलवरनं पाडली.

आणि मालिका सोडायचा इचार करू नको. मालिका हजार भाग चालती. उंब्रजच्या टायरवालीचा पिक्चर पंक्चर झाला तर कुठं ढकलत न्हेणार? आज छत्री धरतीस, उद्या तो मेहुणा कुठंतरी धडपडंल आणि कॅमेरा तुझ्या हातात येईल. माणात छत्री धरायला पाऊस बी न्हाई.

मी कोल्हापूरहून परत आलो तवा दहा वर्षं लोक इचारायचे, 'काय हिंदुराव, पिक्चर कवा लागतोय?' ज्याच्या लग्नाला जाईन तिथं, अक्षता पडायच्या आधी हेच. ते तुझ्या वाट्याला नको.

हिंदुराव


पलूस, २७ जुलै

माया बाळा,

मामीनं तुझ्या गालावरनं हात फिरवला असं समज.

ह्यांची पत्रं टपालात टाकायला मीच जाते, आणि पाकीट चिकटवायच्या आधी वाचते. तुझी पत्रं ह्यांच्या खिशात सापडतात, धुण्याच्या वक्ताला. वाचायची नसतात, पण वाचते.

डिस्क जळली न्हाई. स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात हाय, वरच्या खणात, माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून. तो शालू मी पाच वर्षं शोधत व्हते ती गोष्ट येगळी. दुपारी जेवण झालं की हे दार लावून घेतात आणि तुझा तोच कचरा बघत बसतात. इचारलं तर म्हणतात, मिक्सिंग चाललंय. पाच वर्षं कुणाच्या लग्नाचं मिक्सिंग चालतं गं? त्या नवऱ्यांची पोरं शाळंत जायला लागली.

परवा कपाटाला दुसरं कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला. तिथनं काढायची झाली तर मी काढीन, पण आधी तू नीट मागून बघ.

आणि कोल्हापूरचं मला लग्नाआधीपासनं ठाऊक हाय. तो नाला माझ्या मावशीच्या घरामागं व्हता. ह्यांना सांगू नको, बिचारे लाजतील.

मंगलमामी


सातारा, १ ऑगस्ट

मामा,

जळली, पुसली आणि पडली. मीही तुम्हाला तीनच कारणं दिली होती. एकच दिलं असतंत तर विश्वास ठेवला असता.

मला कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही. शालू मात्र परत करा.

छत्री आडवी केली ते तुम्हाला लागलं. हे मला कुठं लागलं असेल ते बघा. रविराजसरांनी माझी जागा मेहुण्याला दिली, पण ते परके. तुम्ही माझा हात धरून मला फोकस शिकवलात. ते काम माझं आहे, मामा. वाईट असेल, कचरा असेल, पण माझं आहे. त्याला कुलूप लावणारे तुम्ही कोण?

पंधरा दिवस उरलेत.

माया


पलूस, ६ ऑगस्ट

माये,

हे पत्र आणि डिस्क महेंद्रच्या हाती देतोय. मोटरसायकल घरात ठेवून एसटीनं जा म्हणून त्याला बिरोबाची शपथ घातली हाय.

लोकांचं इचारणं तुझ्या वाट्याला नको असं मी लिवलं, डिस्क दडवली ती त्याच्यासाठी. ते खरं हाय, पण अर्धं. उरलेलं तीन दिवस लिवतोय आणि फाडतोय.

कुंडलचं ते लग्न आठवतं का? वरात निघाली. मी गाडीमागं पळत गुच्छ शूट करत व्हतो. तू मांडवातच ऱ्हायलीस म्हणून तुला चारचौघात शिव्या दिल्या. घरी येऊन तुझं कार्ड बघितलं. रिकामा मांडव. नवरीची आई प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालती. आठ-दहा घातल्या, आणि मग त्या ढिगावरच बसली. रडली बिडली न्हाई. नुसती बसली, पदरानं मान पुसली. तू लांब उभी. जवळ गेली न्हाईस, झूम केला न्हाईस, हलली न्हाईस.

तीस वर्षं मी मांडवात काढली. हजार नवऱ्या सासरी पाठवल्या. ती बाई मला एकदा बी दिसली न्हाई, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला दिसली. मला आनंद व्हायला पायजे व्हता. मला राग आला. म्हणलं, हिला हे कुणी शिकवलं? मी तर न्हाई. म्हणून तो शॉट कापला, आणि कचरा म्हणलो. पुसायला मात्र हात धजला न्हाई. दुपारी बघतो ते हेच. बघता बघता कवा कवा वाटतं, हे मीच शूट केलंय. दोन-तीन मिनिटं वाटतं. तेवढ्यासाठी बघतो.

अंकितानं हे बघितलं की तू जाणार, हे मला पक्कं ठाऊक व्हतं. जा.

शालू आता मामीच्या कपाटात हाय. ती माझ्याशी बोलत न्हाई, पण मला ऐकूच येत न्हाई म्हणून तिचा बी उपेग व्हईना.

हिंदुराव


दहिवडी, १८ डिसेंबर

मामा,

चार महिने पत्र नाही. सुरुवातीला रागावले होते म्हणून, आणि मग खरंच वेळ नव्हता म्हणून.

अंकितानं तो कचरा उंब्रजला, टायरच्या दुकानामागच्या खोलीत लॅपटॉपवर बघितला. सलग दोन तास. बाहेर तिचे वडील ट्रकचं चाक ठोकत होते. शेवटी एवढंच विचारलं, 'ती खुर्च्यांवरची बाई नंतर उठली का?' म्हटलं, उठली, आणि मला विचारलं, जेवलीस का गं. अंकिता म्हणाली, 'दिवाळी झाली की सुरू करू.'

मालिका सोडली. जाताना छत्री मेहुण्याच्या हातात दिली. त्यांना ती उघडेना.

इथं पहिले पाच दिवस मी घाण केली. खोटं नाही सांगत. सगळं चकचकीत, प्रत्येकाच्या तोंडावर उजेड, मेंढरंसुद्धा हळदीकुंकवाला निघाल्यासारखी. सहाव्या दिवशी अंकिता म्हणाली, 'हे सगळं रविराजसरांचं आहे. तू कुठं आहेस?' मी चिडून कॅमेरा पेटीत घातला आणि भामाबाईंच्या मागं चालत सुटले. भामाबाई म्हणजे आमची हिरॉईन. पासष्टीच्या, खऱ्याच मेंढरं राखणाऱ्या, आयुष्यात एकही पिक्चर बघितलेला नाही. दोन-तीन मैल गेल्यावर त्या गरकन वळल्या. म्हणाल्या, 'मगाधरनं माझ्या तोंडाकडं काय बघतीस? माझं ध्यान जिकडं हाय तिकडं बघ की.'

मी तिथंच खडकावर बसले. दोन वर्षं सातारला पेट्या उचलून जे कळलं नव्हतं ते त्यांनी फुकट सांगितलं, वर तंबाखू मागितली. पाच दिवसांचं सगळं टाकून दिलं आणि पुन्हा घेतलं. त्यामुळे दिवस कमी पडताहेत आणि अंकिता नखं खातेय.

पंचवीसला शेवटचा मोठा शॉट आहे. मामीला घेऊन या. दादासो नकोत. सूचना नकोत. आणि हळू बोलू नका, म्हणजे बोलूच नका. तुमचं हळू मायणीपर्यंत जातं.

या वेळी हात मी करीन.

माया


पलूस, २८ डिसेंबर

माये,

सुखरूप पोचलो. मामीला तू आवडलीस, पण भामाबाई जास्त आवडली. दोघींनी मिळून माझ्याबद्दल काय काय ठरवलं ते मला कळलं न्हाई, माझ्याकडं बघून हसत व्हत्या एवढं दिसलं.

तिथं तुझ्याशी बोलायचं व्हतं. पण बोलायला लागलो की मला आवाज आवरत न्हाई, सगळ्या माणाला कळलं असतं. म्हणून लिवतोय.

मेंढरं उतरणीवरनं खाली येणार, त्यांच्या मागनं बाई चालत कॅमेऱ्यापर्यंत येणार, असं ठरलेलं. दिवस डोंगराला टेकला व्हता. दुसऱ्यांदा घ्यायचा म्हणलं तर उजेड नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा भाड्याचा कॅमेरा परत जायचा व्हता. मेंढरं आली. बाई आली. आणि निम्म्यात थांबली, मागं वळली, एक सणसणीत शिवी हासडली आणि उलटी चालायला लागली. गेली भाईर. एक लंगडी मेंढी मागं ऱ्हायली व्हती. बाईच्या ध्यानात ना कॅमेरा, ना पिक्चर.

नुसता माळ उरला. वर धूळ. अंकिता तुझ्याकडं बघायला लागली, लाईटवाले एकमेकाकडं. आणि माझं तोंड उघडलं. 'बाई गेली, कॅमेरा फिरव!' हे मी तीस वर्षं मांडवात वरडलोय. ते आपोआप येतं, ढेकरासारखं. अगदी दातापर्यंत आलं व्हतं. मग तुझ्या पाठीकडं बघितलं. पाठ हलत नव्हती. मी तोंड मिटलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला वाटलं, गेला शॉट, गेला उजेड, आणि ह्या पोरीचं आता काय व्हणार. आणि मग ती आली गं. डाव्या अंगानं. लंगडी मेंढी मानेवर टाकलेली, तोंडानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. तशीच चालत कॅमेऱ्याला घासून गेली आणि मला बी ऐकू येईल असं तुला म्हणली, 'सरक.'

अंकितानं तिथंच खाली बसकण मारली. तू माझ्याकडं आलीस, कानाशी तोंड लावून वरडलीस, 'कसा झाला?' आणि मी काय म्हणलो, तर 'मामीला तहान लागलीया.'

लय चांगला झाला. हे म्हणायचं व्हतं. मी असतो तर कॅमेरा फिरवला असता. मेंढी घावली असती आणि बाई हरवली असती.

अंकितानं मामीला सांगितलं, पुढचा पिक्चर बी मायाच करणार, उन्हाळ्यात, जतकडं. मामी म्हणली, उन्हाळ्यात जतला? तिथं तर दगड सावली हुडकतात. अंकिता म्हणली, म्हणूनच.

जीपमधी बसल्यापासनं मी काय बोललो न्हाई. मामी दोनदा माझ्या नाकाखाली हात धरून बघत व्हती. बत्तीस वर्षांत मला असं गप बसलेलं तिनं बघितलेलं न्हाई, तिला वाटलं झटका आला. मायणीत एक दवाखाना उघडा दिसला तशी तिनं गाडी थांबवली आणि मला धरून आत न्हेलं. डॉक्टर पोरगेलासा व्हता. त्यानं छातीला नळी लावली, डोळं ताणून बघितलं, मग माझ्या कानाशी येऊन इचारलं, 'आजोबा, नेमकं काय होतंय?'

म्हणलं, 'काय न्हाई. भाचीचं काम बघून आलोय.'

हिंदुमामा